कंसातला शब्द

रामबागेतल्या शाळेच्या हॉलमध्ये
पुराणिक सरांनी फरशीवर खडूनं त्रिकोण काढला.
एका कोपऱ्यात लिहिलं जवळीक, दुसऱ्यात ओढ,
तिसऱ्यात बांधिलकी. तिथं खडू मोडला.

"हे दोघं कुठं बसतात, सांगा," सर म्हणाले.
दोघं म्हणजे आमच्या नाटकातले, दिगंबर आणि शालन,
तीन अंक एका छपराखाली काढून
एकमेकांना एकदाही नावानं हाक न मारणारे.
सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात,
तालमीलाही हजेरी घेतात.

यशोधन मुळ्ये, आमचा दिगंबर, बँकेतून थेट आलेला,
डबा अजून हातात, म्हणाला,
"ते ठीक आहे सर. पण मी उभा कुठं राहू?"
सरांनी विचार केला. त्याला बांधिलकीवर उभं केलं,
हेमांगिनीला ओढीवर. मधे आठ पावलं.
"जवळीक रिकामी," सर म्हणाले, "हीच तर शोकांतिका."
रिकाम्या कोपऱ्यात माझं स्टूल होतं.
ते कुणी धरलं नाही.

मी प्रॉम्प्टर. बावीस वर्षं.
माझ्या वहीत दोघांची सगळी वाक्यं आहेत,
आणि लाल पेन्सिलीनं, वाक्यांहून जास्त,
(थांबतो.) (थांबते.) (बराच वेळ.)

सर म्हणतात, दिगंबर टाळणाऱ्यातला.
आई लहानपणीच गेली असणार,
म्हणून कुणी जवळ आलं की चष्मा पुसतो.
नाटकात त्याची आई कुठंच नाही.
सरांनीच तिला जन्म दिला
आणि चहा यायच्या आत मारलीही.
शालनला म्हणे सोडून जाण्याची भीती,
म्हणून ती सारखी विचारते, जेवलास का, जेवलास का.
हेमांगिनी म्हणाली, "मीही विचारते की घरी."
सर म्हणाले, "तेच!"
त्या दिवशी ती तालीम अर्धी टाकून गेली.

प्रयोगाच्या रात्री, दुसरा अंक.
शालन ट्रंक घेऊन दाराशी.
दिगंबरनं म्हणायचं, "किल्ली राहू दे तुझ्याकडे."
तो म्हणाला नाही.
नुसता बघत राहिला. चष्म्याला हात लावला नाही.
एक. दोन. तीन.

बावीस वर्षांत मला एवढंच येतं,
विसरलेला माणूस आणि थांबलेला माणूस
पाठीवरून ओळखणं.
विसरला की खांदे कानांकडे चढतात.
याचे खांदे खाली होते.
ओठांपर्यंत आलेलं वाक्य मी गिळलं.
सहा. सात. लाइटवाला भिया
बटणावर बोट ठेवून तसाच.
इंदूरचा प्रेक्षक, आणि कुणी खोकलं नाही.
मग हेमांगिनीनं ट्रंक खाली ठेवली,
जी नाटकात ठेवायचीच नव्हती,
आणि म्हणाली, "किल्ली आहे माझ्याकडे."

विंगेत यशोधन माझ्या अंगावर आला.
"ताई, वाक्य का नाही दिलंत?
पार ब्लँक झालो होतो मी!"
त्याच्या मागं सर रुमाल शोधत होते.
"तिसरा कोपरा," म्हणत होते, "तिसरा कोपरा."
मी वहीत काही लिहिलं नाही.
खोडलंही नाही.

साडेबाराला सराफ्यात
ह्यांनी भुट्ट्याच्या किसाचा द्रोण माझ्या हातात दिला
आणि समोर उभे राहिले.
काहीतरी म्हणायचं असावं.
खांदे बघावेत तर अंगात जाड स्वेटर,
त्यात मागून गर्दीचा रेटा.
एक. दोन.
कुणीतरी गरम जलेबीची परात डोक्यावरून नेली.
पाच.
"तुझ्यात जिरावण कमी पडलंय," हे म्हणाले,
आणि माझा द्रोण परत घेऊन
त्या गर्दीत शिरले.